महासागरांचे अम्लीभवन

महासागरांचे अम्लीभवन : वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड समुद्राच्या पाण्यात वाढत्या प्रमाणात विरघळल्यामुळे पाण्याचे पीएच मूल्य (अम्लता-अल्कता दाखविणारी संख्या; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली अम्ल) दीर्घकाळ घटत राहण्याची क्रिया. तिच्याबरोबर पाण्यातील कार्बोनेट आयनांचे प्रमाणही उतरते आणि कॅल्शियम कार्बोनेटाची कवचे वा सांगाडे बांधणाऱ्या जीवांना त्याची झळ पोहोचते. वृत्तपत्रांतून ‘सागराचे आम्लीकरण’ असेही म्हटले जाते. तापमानवाढ आणि पाण्यातील ऑक्सिजनची घट हे याच कारणातून उद्‌भवणारे आणखी दोन बदल असून सागरी परिसंस्थांवर तिन्हींचा मारा एकाच वेळी होतो. त्यांतील कोणत्या परिणामाचे श्रेय कोणाला द्यायचे, हा या विषयातील अनेक वादांचा गाभा आहे.

संज्ञा : ‘अम्लीभवन’ हा शब्द प्रथम ऐकणाऱ्याचा हटकून गैरसमज होतो. समुद्राचे पाणी अम्ल झालेले नाही. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी पीएच ८ च्या थोडा वर असतो, म्हणजे पाणी अल्कधर्मीच आहे. शब्द दिशा सांगतो, स्थिती नव्हे. १०० रुपयांची वस्तू ९० ला मिळू लागली की ती ‘उतरली’ म्हणतात, फुकट झाली म्हणत नाहीत, तसेच हे. केन काल्डेरा व मायकेल विकेट यांनी २००३ मध्ये नेचर या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. येत्या काही शतकांतील अम्लीभवन गेल्या ३० कोटी वर्षांतील अम्लीभवनाहून अधिक असू शकेल, असा इशारा त्यात होता. संज्ञा रूढ झाली ती या टिपणानंतर. तिचा पहिला वापर त्याआधी, २००१ च्या सुमारास, ब्रोकर व क्लार्क यांच्या सागरी गाळावरील लेखनात झाल्याचे काही अभ्यासक मानतात. जनक कोण हा प्रश्न गौण आहे. कल्पना मात्र संज्ञेहून बरीच जुनी आहे.

पूर्वेतिहास : चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या १८७२–७६ च्या सफरीत तळाचे गाळ गोळा करताना असे दिसले की, उथळ भागांत चुनेदार कवचांचा पांढुरका गाळ सापडतो, पण ठराविक खोलीखाली तो नाहीसा होऊन लाल-तपकिरी चिकणमाती लागते. जॉन मरी यांनी त्याचा अर्थ बरोबर लावला : वरून पडणारी कवचे खाली जाता जाता विरघळतात. समुद्राचे पाणी चुना विरघळवू शकते, ही गोष्ट अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातच माहीत होती. तथापि हवेतील वाढता कार्बन डाय-ऑक्साइड वायू समुद्र सहज पचवील, असा समज १९५० पर्यंत बराच रूढ होता. तो मोडला रॉजर रेव्हेल व हान्स स्यूस यांच्या १९५७ च्या निबंधाने. समुद्राच्या पाण्यातील रासायनिक समतोलामुळे हवेतील वायू १० टक्के वाढला, तर पाण्यातील एकूण अकार्बनी कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो. हे प्रमाण आज रेव्हेल गुणक म्हणून ओळखले जाते. उष्ण कटिबंधात ते ८–९, तर ध्रुवीय पाण्यात १५ च्या आसपास भरते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नोंदी सुरू केल्या तेव्हा हवेतील वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास असावे, असे हिमगाभ्यांवरून (जुन्या बर्फातून काढलेल्या नमुन्यांवरून) दिसते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे.

समुद्राने यातील किती वाटा उचलला याविषयी दोन आकडे फिरत असतात आणि त्यांची गल्लत होते. ‘जवळपास निम्मा’ हा आकडा १८०० ते १९९४ या काळात केवळ खनिज इंधने व सिमेंट यांतून बाहेर पडलेल्या कार्बनाच्या संदर्भात आहे (सुमारे ११८ अब्ज टन). ‘सुमारे एक चतुर्थांश’ हा आकडा जंगलतोड धरून होणाऱ्या सध्याच्या वार्षिक उत्सर्जनाचा आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पीएच मापनाची अडचण : पीएच मापश्रेणी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, ती बिअर बनविण्याच्या प्रक्रियेतील गरजेतून. श्रेणी लॉगरिदमी असल्याने तिच्यातील लहान आकडा मोठा बदल झाकून ठेवतो. पीएच ८.२ असताना लिटरमध्ये हायड्रोजन आयन सुमारे ६.३ नॅनोमोल असतात, ८.१ असताना ७.९. म्हणजे ०.१ ची घट ही हायड्रोजन आयनांत २६ टक्क्यांची वाढ होय. औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठजलाचा पीएच सुमारे ०.१ ने घटला, असे सर्वत्र लिहिलेले असते. घट ०.११ धरली की वाढ २९ टक्के होते. काही ग्रंथांत ‘२६ टक्के’ आणि काहींत ‘३० टक्के’ असे का छापलेले असते, याचे उत्तर एवढेच आहे. त्यात मतभेद असा नाही.

खरी अडचण वेगळी आहे. समुद्रजलासाठी पीएचच्या एकाहून अधिक श्रेणी वापरात आहेत. गोड्या पाण्याच्या प्रमाण द्रावणांवर बेतलेली जुनी श्रेणी आणि समुद्रजलातील सल्फेट लक्षात घेणारी ‘एकूण’ श्रेणी यांच्या वाचनांत साधारण ०.१ ते ०.१५ इतका फरक पडतो. दोन शतकांत झालेला बदल आणि दोन श्रेणींतील हा फरक जवळपास सारखेच भरतात. त्यामुळे काचेच्या इलेक्ट्रोडने घेतलेल्या जुन्या नोंदी आजच्या नोंदींशेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी बाटलीबंद प्रमाण समुद्रजल तयार करून जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवायला सुरुवात केली, त्यानंतरच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहता येतात. म्हणूनच हवाई व बर्म्युडाजवळ १९८८ पासून सलग चालू असलेल्या निरीक्षण मालिकांना विशेष महत्त्व दिले जाते. हवाईजवळच्या मालिकेत पीएच दशकाला सुमारे ०.०२ ने घटताना दिसतो. अरबी समुद्रातील १९६०–६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पीएच नोंदींना हीच सावधगिरी लागू पडते.

रासायनिक प्रक्रिया : विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बॉनिक अम्ल बनते. ते हायड्रोजन आयन सोडून बायकार्बोनेट होते. मोकळा झालेला हायड्रोजन आयन पाण्यातील कार्बोनेट आयनाला चिकटतो आणि तोही बायकार्बोनेट बनतो. समुद्रातील अकार्बनी कार्बनापैकी सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट, ९ टक्के कार्बोनेट व १ टक्का विरघळलेला वायू असतो. हिशेबात मार बसतो तो मधल्या, मुळातच तुटपुंज्या कार्बोनेटाला. कवच बांधणाऱ्या जीवाच्या दृष्टीने पाणी ‘अम्ल’ होण्यापेक्षा ही टंचाई महत्त्वाची ठरते, हे मत आता बहुमान्य आहे आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

टंचाई संपृक्ततेच्या पातळीने (ओमेगा) मोजतात. ती १ पेक्षा कमी झाली की उघडा पडलेला कॅल्शियम कार्बोनेट विरघळू लागतो. त्याचे अरॅगोनाइट हे रूप कॅल्साइट या दुसऱ्या रूपापेक्षा साधारण दीडपट विद्राव्य आहे. प्रवाळ, टेरोपॉड (तरंगत्या सागरी गोगलगायी) आणि कालवांच्या कोवळ्या अळ्या अरॅगोनाइट वापरतात, तर प्रौढ कालव मुख्यत्वे कॅल्साइट. प्रवाळभित्ती साधारणतः अरॅगोनाइटाची संपृक्तता ३.३ च्या वर असलेल्या पाण्यात आढळतात. थंड पाण्यात वायू अधिक विरघळतो म्हणून ध्रुवीय समुद्र या बाबतीत आधीच काठावर आहेत. उत्सर्जन असेच चालू राहिल्यास दक्षिण महासागराचे पृष्ठजल २०५० च्या सुमारास अरॅगोनाइटाच्या दृष्टीने असंपृक्त होऊ लागेल, असा अंदाज २००५ मध्ये वर्तविण्यात आला होता.

भूवैज्ञानिक पूर्वदाखले : सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, पॅलिओसीन–इओसीन संधिकाली, मोठ्या प्रमाणात कार्बन बाहेर पडून पृथ्वी तापली. दक्षिण अटलांटिकमधील वाल्व्हिस कटक या समुद्रतळावरील डोंगररांगेतून काढलेल्या गाळाच्या गाभ्यांत त्या थरापाशी चुना अकस्मात नाहीसा होऊन चिकणमाती येते. चुना विरघळण्याची खोली तेव्हा २ किमी.हून अधिक वर सरकली असावी. तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या (एकपेशीय कवचधारी जीवांच्या) अनेक जाती त्या वेळी नष्ट झाल्या, वर तरंगणाऱ्यांचे मात्र त्या मानाने निभावले. कार्बन त्या वेळी हजारो वर्षांत सुटला असावा. आजचा वेग बहुधा त्याच्या कित्येक पट आहे. गाळातील चुन्याशी अभिक्रिया होऊन समुद्राला सावरायला जो अवधी लागतो तो आज मिळत नाही, एवढ्यापुरता हा दाखला उपयोगी आहे. त्याहून पुढे ताणू नये.

कोकोलिथधारी शैवलांचा वाद : एमिलियानिया हक्सलेयी हे एकपेशीय शैवल अंगावर कॅल्साइटच्या चकत्या (कोकोलिथ) बाळगते आणि त्याचे बहर उपग्रहचित्रांत दुधी निळे दिसतात. अम्लीभवनाने या शैवलाचे काय होईल यावर सुमारे दोन दशके घनघोर चर्चा झाली. २००० मध्ये रीबेसेल व सहकाऱ्यांनी दाखविले की, वायू वाढविल्यास चकत्या कमी बनतात आणि वेड्यावाकड्या होतात. २००८ मध्ये इग्लेसियास-रॉड्रिग्ज व सहकाऱ्यांना नेमके उलटे आढळले. त्यांच्या प्रयोगात पेशी मोठ्या झाल्या, चुनाही वाढला आणि गाळाच्या गाभ्यातील चकत्यांचे सरासरी वस्तुमान २२० वर्षांत ४० टक्के वाढल्याचेही त्यांनी नोंदविले. पहिल्या गटाने पाण्यात अम्ल टाकून पीएच उतरविला होता, दुसऱ्याने वायूचे बुडबुडे सोडले होते. काही काळ सारा दोष या पद्धतींतील फरकाला दिला गेला. पुढे दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक तेवढ्याने मिटला नाही. आज असे मानण्याकडे कल आहे की, एकाच जातीच्या निरनिराळ्या वाणांचे प्रतिसाद निराळे असतात आणि प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढविलेला एक वाण म्हणजे समुद्र नव्हे. २०११ मध्ये चिलीच्या किनाऱ्याजवळच्या, नैसर्गिकरीत्याच कमी पीएच असलेल्या पाण्यात याच शैवलाचा जाड चकत्यांचा वाण सापडला. तेव्हापासून दोन्ही बाजूंचा सूर नरमला आहे.

टेरोपॉड : ध्रुवीय पाण्यात तरंगणाऱ्या या गोगलगायींचे कवच वाटाण्याहून लहान, काचेसारखे पारदर्शक व अरॅगोनाइटाचे असते. असंपृक्त पाण्यात दोन दिवस ठेवल्यावर त्यांची कवचे कडेकडेने झिजलेली दिसली. २००८ मध्ये स्कोशिया समुद्रात गोळा केलेल्या लिमासिना या टेरोपॉडांच्या कवचांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून खळगे आढळले, म्हणजे हा परिणाम बाहेर निसर्गातही घडत होता. यावर व्हिक्टोरिया पेक व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आक्षेप घेतला. कवचावर एक पातळ सेंद्रिय पापुद्रा असतो, तो शाबूत असेपर्यंत चुन्याला धक्का लागत नाही, आणि जिथे तो ओरखडला आहे तिथेच खळगे पडतात. शिवाय प्राणी आतून डागडुजी करतो. मूळ संशोधकांना हे मान्य नाही. पापुद्र्याचे संरक्षण खरे असले तरी डागडुजीला लागणारी ऊर्जा कुठून तरी यावीच लागते, हा मुद्दा दोन्ही मतांत बसतो.

कालवांच्या अळ्या : अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील नेटार्ट्‌स उपसागराच्या काठच्या एका कालव-बीज केंद्रात २००७–०८ मध्ये टाक्याच्या टाक्या अळ्या मेल्या. प्रथम संशय व्हिब्रिओ जीवाणूवर गेला. पाणी निर्जंतुक केले तरी मर थांबेना. नंतर ध्यानात आले की, वारे उत्तरेचे सुटले की खोलवरचे, वायूने भारलेले थंड पाणी किनाऱ्याशी वर येते आणि तेच पंपातून टाक्यांत शिरते. अळीला पहिले कवच अवघ्या एक-दोन दिवसांत, तेही अंड्यातील शिदोरीवर, उभे करावे लागते. त्या वेळी संपृक्तता कमी असली की शिदोरी चुना जमविण्यातच संपते. केंद्राने दोन उपाय केले. पाणी सकाळी भरण्याऐवजी दुपारी भरायला सुरुवात केली, कारण उपसागरातील सागरी गवत दिवसभराच्या प्रकाशसंश्लेषणाने वायू शोषून घेते आणि दुपारपर्यंत पाणी सुधारते. शिवाय टाक्यांत धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) मोजून घालण्यात आला. उत्पादन सावरले. अम्लीभवनाची व्यावसायिक झळ आणि तिच्यावरचा उपाय या दोहोंचे हे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण आहे. उपाय टाकीपुरता आहे, हे सांगणे न लगे.

मासे : कमी पीएचमध्ये विदूषक माशांच्या पिलांची गंध ओळखण्याची क्षमता बिघडते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले व पाठोपाठ त्याच धर्तीचे बरेच निबंध आले. २०२० मध्ये क्लार्क व सहकाऱ्यांनी प्रवाळभित्तीवरच्या सहा जातींच्या शेकडो माशांवर हे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा असा परिणाम दिसला नाही. सध्याच्या पुराव्यावर माशांच्या वर्तनातील थेट बिघाड सिद्ध मानता येत नाही. माशांवरचा ठळक परिणाम तापमान व ऑक्सिजन यांचा आहे.

परिसंस्थेचा प्रतिसाद : प्रयोगशाळेतील एकाकी जीवांवरून अख्ख्या परिसंस्थेचे भाकीत करता येत नाही, म्हणून जिथे समुद्रतळातून कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे नैसर्गिकरीत्या निघतात अशा जागा अभ्यासकांनी हेरल्या. इटलीतील इस्किया बेटाच्या किल्ल्याखाली बुडबुड्यांजवळ गेले की चुनेदार शैवले, समुद्री साळू व प्रवाळ विरळ होतात, गोगलगायींची कवचे झिजलेली दिसतात, सागरी गवत मात्र जोमात असते. पापुआ न्यू गिनीतील अशाच जागी (२०११) प्रवाळांनी व्यापलेले क्षेत्र जवळपास तेवढेच राहिले, पण फांद्यांचे व तबकांसारखे प्रवाळ जाऊन गोलाकार धोंड्यांसारख्या पोराइट्‌सचे राज्य झाले. क्षेत्र टिकले, पण लहान मासे-खेकड्यांना दडायच्या कपारी गेल्या. पीएच ७.७ च्या खाली भित्तीची वाढच थांबलेली होती. या जागांचे पाणी थंड किंवा सभोवतालच्याच तापमानाचे असते, तेव्हा तापमानवाढ व अम्लीभवन यांचा एकत्रित परिणाम त्यांतून कळत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

प्रवाळांच्या बाबतीत तूर्त तापमान हाच मोठा मारेकरी आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून अंशभर अधिक काही आठवडे राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतील सहजीवी शैवले बाहेर टाकतात व पांढरे पडतात; यालाच विरंजन म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ मध्ये व्यापक विरंजन झाले. अम्लीभवन तिथे सावकाश काम करते : मेलेल्या भागावर नवा सांगाडा चढण्याचा वेग ते मंदावते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वन ट्री बेटाच्या भित्तीवरील पाण्याची क्षारता (अम्ल शमविण्याची क्षमता) वाढवून संपृक्तता औद्योगिक क्रांतीपूर्व पातळीजवळ नेली, तेव्हा चुना बसण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. आजच्या पाण्यामुळे तो आधीच घटला असल्याचा हा थेट पुरावा मानतात.

अरबी समुद्र : वर्षभराचा हिशेब केला तर अरबी समुद्र हवेला कार्बन डाय-ऑक्साइड देतो, घेत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया, ओमान आणि भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्याशी खोल पाणी वर येते व त्यातला वायू निसटतो. तरीही हवेतील वायू वाढल्यामुळे हे निसटणे कमी होते आणि पाण्याचा पीएच घटतोच. सुमारे १५० ते १,००० मी. खोलीत येथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. १९३३–३४ मध्ये इजिप्तच्या माबाहिस जहाजावरील जॉन मरी मोहिमेने याचे पहिले तपशीलवार चित्र दिले. जिथे ऑक्सिजन वापरला जातो तिथे वायू साचतो, त्यामुळे अरॅगोनाइटाची असंपृक्त पातळी येथे काहीशे मीटरांवरच लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतर हेच पाणी कोकण-गोवा-कर्नाटकाच्या उथळ खंडमंचावर चढते. दोनापावल (गोवा) येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून कांदोळी किनाऱ्यासमोर त्याच्या नोंदी घेत आहे.

या समुद्राची उत्पादकता वाढते आहे की घटते, यावर दोन परस्परविरोधी मते आहेत. मूळ गोव्याचे जोआकिम गोएस व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले की, हिमालयावरील बर्फाचे आवरण घटल्याने मोसमी वारे जोर धरत आहेत आणि पश्चिम अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक (तरंगत्या सूक्ष्म वनस्पती) वाढत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटल्याचा निष्कर्ष काढला : वरचे पाणी तापल्याने थर घट्ट होतात व खालची पोषके वर येत नाहीत. पहिला अभ्यास केवळ सात-आठ वर्षांच्या उपग्रह नोंदींवर होता आणि नंतरच्या वर्षांत ती वाढ टिकलेली दिसत नाही. दुसरा बराचसा प्रारूपांवर विसंबतो. दीर्घ पल्ल्याच्या दृष्टीने दुसऱ्याकडे पारडे झुकते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिलुका या एकपेशीय प्लवकाच्या बहरांचा संबंध ऑक्सिजनच्या घटीशी जोडला जातो, पण तोही सर्वमान्य नाही.

बंगालच्या उपसागरात २०१३ मध्ये एका नांगरलेल्या तरंगकावर वायू व पीएच यांची सलग नोंद सुरू झाली. तेथे नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे चित्र वेगळे असून पश्चिम किनारी भागात भूमीवरून येणारे सल्फेट व नायट्रोजनयुक्त कण पीएच आणखी उतरवितात, असे आढळले आहे.

महाराष्ट्रात प्रवाळ आढळतात ते मुख्यत्वे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती मालवणच्या उथळ, गढूळ पाण्यात (सागरी अभयारण्य १९८७, क्षेत्रफळ २९.१२ चौ. किमी.) आणि विजयदुर्गपासून सुमारे १०० किमी. पश्चिमेस असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर. मालवणात विरंजनाच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० व २०१६ ची विरंजने मोठी होती. माशांच्या बाबतीत, तारली पूर्वी मुख्यतः मलबार किनाऱ्याची मासळी होती. ती उत्तरेकडे सरकल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदविले असून त्याचे कारण पाणी तापणे हे दिले जाते, अम्लीभवन नव्हे.

कोकणच्या खाड्यांतील कालवे, तिसऱ्या आणि शिणाणे यांची गोष्ट थोडी निराळी. भर पावसात खाडीचे पाणी जवळपास गोडे होते, त्यातील कॅल्शियम व क्षारता दोन्ही घटतात आणि पीएच काही तासांत जितका हलतो तितका खुल्या समुद्रात शतकातही हललेला नाही. खडकावरचे कालव अशा वेळी शिंपले गच्च मिटून बसते आणि खारे पाणी परतले की उघडते. प्रौढाला हे साधते. नुकत्याच जन्मलेल्या अळीला मिटण्याजोगे शिंपलेच नसते.